ओढीची सुरमई: मालवणच्या दर्यात पहिल्यांदा ट्रोलिंगला जाताना

चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुट्टीत मी मालवणच्या एका होडीवाल्याला फोन केला आणि म्हटलं, "दादा, ट्रोलिंगला जायचंय." पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "ट्रॉलरवाल्यांका हंय होडी गावाची नाय." म्हणजे ट्रॉलरवाल्यांना इथे होडी मिळणार नाही. आणि फोन बंद.

चूक माझीच होती. ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळं खरवडत नेणारी मोठी बोट. ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे दोरी सोडायची, तिच्या टोकाला आमिष किंवा खोटा मासा लावायचा आणि तो ओढत न्यायचा. दोन शब्दांत एका मात्रेचा फरक. पण ज्या किनाऱ्यावर रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि छोटे मच्छीमार वर्षानुवर्षं ट्रॉलर, थव्याला मोठ्या जाळ्याने घेरणाऱ्या पर्ससीन आणि दिव्यांनी मासे खेचणाऱ्या एलईडी बोटींशी भांडत आलेत, तिथे हा शब्द म्हणजे सुक्या गवतात काडी. त्यामुळे पहिला सल्ला फुकट घ्या: फोनवर "ट्रोलिंग" म्हणू नका. "गरवायला यायचंय, चालत्या होडीमागे दोरी सोडून, सुरमईसाठी" असं म्हणा. लगेच कळतं.

दुसरी चूक यूट्यूबची. मी सगळं शिकलो होतो ते कॅनडा-अमेरिकेतल्या मोठ्या तळ्यांवरच्या रेनबो ट्राउटचे व्हिडिओ बघून. तिकडे शरदात तळ्याचं वरचं पाणी गार होतं, उन्हाळाभर खोल बसलेला ट्राउट वर येतो आणि माणसं ताशी अडीच ते चार किलोमीटरच्या, म्हणजे आपल्या पायी चालण्याच्या वेगाने दोऱ्या ओढतात. मी मालवणात पहाटेपासून नऊ वाजेपर्यंत तसंच केलं. मिळालं काय, तर एक प्लास्टिकची पिशवी आणि अर्धी चप्पल. तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, आबा तोवर गप्प बसून होते. नऊला म्हणाले, "इतक्या हळू गेलंव तर सुरमय काय, कुर्ली पण गावाची नाय."

तुमची ती सकाळ वाचावी म्हणून हे लिहितोय.

१. आधी पंचांग, मग रजेचा अर्ज

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात उतरतात, पण म्हणून ऑगस्टमध्ये ट्रोलिंगला धावू नका. पाणी गढूळ असतं, नद्या अजून लाल माती ओतत असतात आणि सुरमई डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे. तिला दिसलंच नाही तर ती आमिषाला तोंड लावणार कशाला? माझा अनुभव असा की नवरात्रापासून पाणी निवळायला लागतं आणि दसरा ते नाताळ हा खरा हंगाम. त्यातही ऑक्टोबरच्या उकाड्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. तेव्हा समुद्र तेलासारखा गुळगुळीत असतो. दुपारी खारा वारा आला की लाटा उठतात आणि नवख्याचं पोटही. म्हणजे काम सकाळचं. पाचला निघायचं, दहा-साडेदहाला किनाऱ्यावर.

आता भरती-ओहोटी. मोबाइलवर तक्ते मिळतात, पण कोकणातला जुना हिशोब जास्त लक्षात राहतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वा अकराच्या सुमारास. पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा साधारण तीच वेळ, वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच नियम.

मला आवडतात त्या पंचमी, षष्ठी, सप्तमी. तेव्हा भरती पहाटे पावणेचार ते सव्वापाचच्या दरम्यान भरते आणि उजाडताना ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडत असतं. ते महत्त्वाचं का, ते पाचव्या पायरीत सांगतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ फार, आणि अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी जवळजवळ उभं. दोन्ही दिवशी मासा मिळतो, पण शिकायला मधले दिवस बरे.

एक सापळा इथेच आहे. देवबागसारख्या ठिकाणी होडी कर्ली खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करते. षष्ठीला साडेदहाला परत आलात तर नेमकी पूर्ण ओहोटी असते. तोंडावरच्या वाळूवर पाणी कमी आणि लाटा फुटत असतात. तेव्हा एकतर नऊच्या आत परता किंवा मालवण बंदरासारख्या, खाडीच्या तोंडावर न अडणाऱ्या जागेवरून निघा.

आणि वादळ. शरदातला अरबी समुद्र दिसतो तितका शांत नसतो. नोव्हेंबर २००९ मधलं फयान किनाऱ्यावर अजून विसरलेलं नाही, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार आलं तेव्हा ऐन हंगामात होड्या बंदरात बांधून बसायची वेळ आली होती. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या संध्याकाळी बघा. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर विषय संपला. मग तुम्ही पुण्याहून आठ तास गाडी चालवून आला असलात तरी. तांडेल "आज नको" म्हणाले तर कारण विचारू नका, सोलकढी प्या.

२. होडी आणि तांडेल

मोठी बोट लागत नाही. फायबरची होडी, मागे पेट्रोलचं इंजिन, तांडेल आणि तुम्ही दोघं-तिघं, इतकं पुरतं. चौथा माणूस दोऱ्यांत अडकतो.

होडी ठरवताना या गोष्टी विचारा, लाजू नका:

- होडीची नोंदणी आणि मासेमारी परवाना आहे का? तुम्ही पाहुणे म्हणून बसणार असाल तर प्रवासी नेण्याची मेरीटाईम बोर्डाची परवानगी आहे का?
- प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि ते घालता येतं का? एकदा मला दिलेल्या जॅकेटच्या दोन्ही पट्ट्या उंदरांनी खाल्लेल्या होत्या. तेव्हापासून मी स्वतःचं घेऊन जातो.
- वल्ही आणि नांगर होडीत आहेत का? इंजिन बंद पडलं तर एवढंच उरतं.
- वायरलेस आहे का? असेल तर संकटकाळचा चॅनेल १६. किनाऱ्यापासून आत गेलं की मोबाइल दगा देतो.

भाडं तासावर आणि पेट्रोलवर ठरवा. "मासा मिळाला तर इतके, नाही मिळाला तर तितके" असला व्यवहार करू नका. त्याने तांडेलही अस्वस्थ आणि तुम्हीही. मासा कोणाचा, हेही आधीच बोलून घ्या. आमचं ठरलेलं आहे: एक मासा आबांच्या घरी, बाकी आम्ही वाटून.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. त्या आठवड्यात सगळ्या होड्या पर्यटकांना डॉल्फिन दाखवण्यात आणि त्सुनामी आयलंडला नेण्यात अडकलेल्या असतात. तुमच्यासाठी चार तास देणारा तांडेल मिळणं कठीण, आणि मिळालाच तर त्याचं लक्ष घड्याळाकडे.

३. पिशवीत काय

कागदपत्रं: आधार कार्ड किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, मूळ प्रत. समुद्रात सागरी पोलीस होडी थांबवून विचारू शकतात. होडीचे कागद तांडेलाकडे असतात, पण निघण्याआधी एकदा आठवण करून द्या. हे दोन नंबर मोबाइलमध्ये साठवण्यापेक्षा तोंडपाठ असू द्या: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.

बाकी वस्तू: लांब नाकाची पक्कड, जाड सुती हातमोजे, धारदार सुरी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन लिटर पाणी माणशी, चिकटपट्टी आणि जंतुनाशक. उलटीचा त्रास असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी समुद्रातल्या माशांना जाते. आदल्या रात्री मालवणी मटण टाळा. हे लिहिताना माझंच मन धजत नाही, पण टाळा.

४. तंगूस, तार आणि गरी

तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, गरी म्हणजे गळाचा आकडा. इथे जरा थांबतो, कारण मासे इथेच सुटतात.

रॉड-रीळ नसलं तरी चालतं. आबा अजून हातानेच ओढतात: जाड तंगूस लाकडी फळकुटावर गुंडाळलेला, बोटात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलेला. नवख्याने मात्र हातदोरी नको. पाच किलोची सुरमई पहिल्या धावेत दोरी अशी ओढते की बोटाला चीर पडते. साधारण १५ किलो ताकदीचा तंगूस किंवा वेणीची दोरी, किमान अडीचशे मीटर, मजबूत रीळ आणि सहा-सात फुटांचा आखूड रॉड घ्या. लांब रॉड होडीत नुसता आडवा येतो.

तार. सुरमईचे दात म्हणजे कातरी. नुसत्या तंगुसाला गरी बांधलीत तर धक्का बसेल आणि दोरी हलकी होईल, टोक असं कापलेलं की ब्लेडने कापावं. म्हणून गरीच्या आधी वीतभर ते हातभर पोलादी तार हवीच. त्याहून लांब नको, कारण जाड लांब तारेने आमिषाची हालचाल मरते.

फिरकी. तार आणि तंगूस यांच्यामध्ये स्विव्हल हवं, नाहीतर तासाभरात सगळ्या दोरीचा पीळ होतो. स्विव्हल काळं घ्या. चकचकीत पितळी स्विव्हल पाण्यात बारक्या मासोळीसारखं चमकतं आणि सुरमई नेमकी त्यालाच चावते. मग तार, गरी, खोटा मासा सगळं तळाला.

लुअर की बांगडा? खोटा मासा म्हणजे लुअर. ओठाला प्लास्टिकची जीभ असलेला, पाण्यात बुडी मारून थरथरत पोहणारा घ्या. लांबी वीतभराच्या आतली. उजाडताना काळपट-जांभळा, ऊन चढल्यावर निळा-रुपेरी. पांढरं अंग आणि लाल डोकं असलेला माझ्या पेटीत सगळ्यात जास्त चावलेला आहे, का ते सुरमईला विचारा. सुरुवातीला तीन लुअर बस. दुकानदार तुम्हाला तेरा विकेल.

खऱ्या आमिषात बांगडा आणि वाकटी उत्तम. पण नुसतं गरीला खोवून सोडलं तर ते पाण्यात भोवऱ्यासारखं फिरतं, आणि गरगरणारा बांगडा कुठल्याही शहाण्या माशाला खरा वाटत नाही. बांगड्याचं तोंड सुई-दोऱ्याने शिवून टाका, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पहिली गरी डोक्याखाली, आणि तारेच्या तुकड्याने जोडलेली दुसरी शेपटीजवळ. ही दुसरी गरी विसरू नका. सुरमई मागून येते आणि आधी शेपूट कापते, मग उरलेलं खायला परत वळते. एका गरीवर तुम्हाला दिवसभर अर्धे बांगडे मिळत राहतील. माझ्याकडे अशा अर्ध्या बांगड्यांचे फोटो आहेत, मागच्या भागाचे एकही नाहीत.

ड्रॅग. रिळाचा ब्रेक. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर लावा. १५ किलोची दोरी असेल तर साडेतीन-चार किलोला सुटली पाहिजे. घरीच दोरी ताणकाट्याला बांधून बघा, समुद्रात अंदाज येत नाही.

५. कुठे ओढायचं आणि कुठे नाही

समुद्र सगळीकडे सारखा दिसतो, हा नवख्याचा भ्रम. आबांच्या डोळ्याला त्यात रस्ते दिसतात.

पहिला रस्ता म्हणजे पाण्याची रेघ. ओहोटीला खाडीचं मातकट पाणी बाहेर पडतं आणि समुद्राच्या हिरव्या पाण्याला भिडतं. दोघांमध्ये सरळ रेघ दिसते, कधी तिच्यावर फेस आणि पानंही तरंगत असतात. तारली आणि बारका बांगडा त्या रेघेच्या कडेने असतो, आणि सुरमई हिरव्या बाजूने येऊन झडप घालते. म्हणून सकाळची ओहोटी. कर्लीच्या तोंडाबाहेर, कालावलच्या खाडीबाहेर ही रेघ नवरात्रानंतर छान दिसते. रेघेला समांतर, हिरव्या बाजूने ओढा. रेघ कापत गेलात तर दर फेरीत पानं-काटक्या लुअरवर.

दुसरा रस्ता पक्ष्यांचा. सुरय आणि कुरव एका जागी गोल फिरून पाण्यात सूर मारत असतील तर खाली मासोळीचा थवा वर हाकलला जातोय. इथे प्रत्येक नवखा एकच चूक करतो: "आबा, थंय घाला!" म्हणून होडी थेट थव्यात घालायला लावतो. इंजिनाच्या आवाजाने थवा बुडतो, पक्षी उडतात, संपलं. कडेकडेने जायचं, होडी थव्याबाहेरून वळवायची, म्हणजे मागची दोरी वळणावर थव्याच्या कडेला जाते आणि होडी लांब राहते.

तिसरा रस्ता खडकांचा. पाण्याखालचे खडक जिथे एकदम खोल उतरतात तिथे मासोळी थांबते. निवतीच्या समोर वेंगुर्ला रॉक्सच्या आजूबाजूला असं पाणी आहे. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत, त्यामुळे लांबूनच बघायचं, उतरायचं नाही. पण तिथे प्रवाह चमत्कारिक असतो. पहिल्या खेपेला ते नको, तीन-चार फेऱ्या झाल्यावर जा.

आता कुठे नाही.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्याचा गाभा पद्मगड आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. त्या गाभ्यात दोरी सोडू नका. किल्ल्याच्या तटाखाली मासा उडताना दिसेल, मन होईल, तरी नाही.

दुसऱ्याच्या जाळ्यांजवळून जाऊ नका. छोटी निशाणं, थर्मोकोलचे तुकडे, रिकामे कॅन तरंगताना दिसले की तिथे जाळं आहे असं धरा आणि मोठा वळसा घ्या. लुअर जाळ्यात अडकलाच तर तुमची दोरी कापा, जाळं नाही. लुअर काही शे रुपयांचा, जाळं म्हणजे कोणाचं तरी घर. रापण ओढत असतील तिथे तर फिरकूच नका.

डॉल्फिन दिसले की दोऱ्या गुंडाळा आणि लांब व्हा. डॉल्फिन, कासव आणि देवमाशासारखा दिसणारा प्रचंड ठिपकेदार व्हेल शार्क, या सगळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कासवाला चुकून गरी लागली तर दोरी ताणून ओढू नका. होडी त्याच्याकडे न्या, गरी सहज निघत असेल तर काढा, नाहीतर तार तोंडाजवळ कापा.

६. वेग, अंतर आणि वळण

हा लेख या पायरीसाठीच आहे.

लुअर ओढताना पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी नऊ ते अकरा किलोमीटर. शिवलेला बांगडा ओढताना दोन-तीन नॉट, म्हणजे चार-साडेपाच किलोमीटर. दोन्ही एकाच वेळी ओढू नका. वेगात बांगडा फाटतो आणि संथ गतीत लुअर झोपतो. मोबाइलचं जीपीएस वेग दाखवतं, पण खरा काटा रॉडचं टोक. लुअर नीट चालत असेल तर टोक बारीक, सारखं थरथरतं. थरथर थांबली की समजा पान, गवत किंवा पिशवी लागली. पावसाळ्यानंतर समुद्रात इतका कचरा असतो की दर दहा-पंधरा मिनिटांनी दोरी आत घेऊन बघावीच लागते. कंटाळा येतो. पिशवी ओढत तासभर फिरल्यावर जास्त येतो.

अंतर: सुरुवातीला दोनच दोऱ्या. एक होडीच्या मागे वीसेक मीटरवर, दुसरी चाळीसवर. दोन्ही एकाच अंतरावर सोडल्या तर पहिल्या वळणाला त्यांचं लग्न लागतं आणि तो गुंता सोडवताना खाली मान घालून बसलात की उलटीही ठरलेली. इंजिनाचा पांढरा फेस संपतो तिथून थोडं मागे स्वच्छ पाणी सुरू होतं, जवळची दोरी तिथे असावी.

सरळ रेषेत तासभर जाऊ नका. सापासारखं, लांब लांब वळणं घेत जा. याचं कारण नुसतं जास्त पाणी पालथं घालणं नाही. होडी वळते तेव्हा आतल्या बाजूची दोरी सैल होऊन लुअर हळू होतो आणि बाहेरच्या बाजूचा वेगाने पळतो. मासा कुठल्या दोरीला लागला ते बघा. आतल्या दोरीला लागला तर त्या दिवशी वेग अर्धा नॉट कमी करा, बाहेरच्या दोरीला लागला तर वाढवा. हे मला कोणत्याही व्हिडिओने सांगितलं नव्हतं. आबांनी हाताने वळण दाखवून, न बोलता सांगितलं.

मासा लागलेली जागा लगेच मोबाइलवर खूण करून ठेवा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणाही बघून ठेवा: अमुक माडाच्या मागे तमुक टेकडी, देवळाचा कळस दीपगृहाच्या डावीकडे. मोबाइल भिजतो, माड भिजत नाही.

७. लागला!

रीळ किंचाळतं. दोरी पन्नास-शंभर मीटर निघून जाते. या पाच-दहा सेकंदांत तुम्ही काहीही करू नका. खरंच काही नाही. ड्रॅग आवळायचा मोह होईल. माझे पहिले दोन मासे त्या मोहात गेले: एकदा दोरी तुटली, एकदा ओठ फाटून गरी सुटली.

तांडेल होडी लगेच थांबवणार नाहीत, थोडी चालत ठेवतील. ते बरोबर आहे. दोरी ताठ राहते आणि थव्यातला दुसरा मासा दुसऱ्या दोरीला लागण्याची शक्यता असते. पहिली धाव संपली की दुसरी दोरी आत घ्या, मग मासा आणायला लागा. रॉड हळू वर, मग खाली नेताना रीळ फिरवा. सैल क्षण एकही नको. होडीजवळ आल्यावर सुरमई होडी बघते आणि पुन्हा एकदा सुसाट पळते. बरेच मासे इथे सुटतात, कारण तोवर सगळे उभे राहून फोटो काढत असतात. बसा.

मासा होडीत तांडेलांना घेऊ द्या, आकडीने. आत आल्यावर हात तोंडाकडे नेऊ नका. मेलेल्या सुरमईचे दातही तितकेच धारदार असतात. गरी पक्कडीने काढा आणि पाय मागे ठेवा. सुटा लुअर आणि तडफडणारा मासा एकत्र, म्हणजे दवाखान्याचं आमंत्रण.

लहान मासा असेल तर? राज्य सरकारने २०२३ मध्ये अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, त्याखालचा मासा पकडायचा नाही. अंगावर उभे नागमोडी पट्टे असलेली सुरमई खूप मोठी होते आणि उशिरा वयात येते, ठिपक्यांची सुरमई त्या मानाने लहानच असते. पट्टेवाली हातभरापेक्षा लहान असेल तर मी सोडतो. सोडायची तर पाण्यातच, हातात धरून मिरवून नाही. सुरमई पाण्याबाहेर फार वेळ टिकत नाही.

८. बर्फ, आणि आणखी बर्फ

बंदराजवळच्या बर्फवाल्याकडून फोडलेला बर्फ आदल्या रात्रीच सांगून ठेवा. पेटीत बर्फ जितका मासा त्याच्या दुप्पट, आणि त्यात थोडं समुद्राचं पाणी घालून लगदा करा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा लगद्यात मासा लवकर गार होतो. मासा घेतल्यावर कल्ल्याजवळ चीर द्या, दोन मिनिटं रक्त वाहू द्या, मग लगद्यात.

हे चोचले नाहीत. सुरमई, बांगडा, गेदर (टूना) ही मंडळी उन्हात राहिली की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल, डोकं जड, अंगावर गांधी, कधी उलट्या. लोक म्हणतात "मासा बाधला". आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, कशानेही जात नाही. मासा ताजाच होता, पण नऊपासून बारापर्यंत होडीच्या तळाला उन्हात पडला होता, एवढं पुरतं. पहिल्या वर्षी आमच्या मासळीचं असंच झालं आणि आत्याने त्यानंतर दोन वर्षं माझ्या हातचा मासा खाल्ला नाही.

९. घरी पोचल्यावर

तुकड्या जाड करा, बोटभर. बाकी तिखट-मीठ-कोकम मला सांगायची गरज नाही, तुमच्या घरी सांगायला माणसं आहेत.

मासा चुलीवर जाण्याआधी रीळ आणि रॉड गोड्या पाण्याने धुवा. जोराची धार नको, नाहीतर मीठ आत ढकललं जातं; नळाखाली हलकं, मग सावलीत वाळवा. लुअरच्या गऱ्या पुसून त्यांना खोबरेल तेलाचा हात लावा. गंजाचा ठिपका असलेली गरी टाकून द्या, ती पुढच्या वर्षी नेमकी मोठ्या माशालाच सरळ होते. वापरलेली तार ठेवू नका, एकदा पीळ पडला की तिथेच तुटते. आणि रिळाचा ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. मी एकदा आवळलेलाच ठेवला. पुढच्या दसऱ्याला पहिली सुरमई लागली तेव्हा ड्रॅगच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, रीळ एक इंच फिरलं नाही, आणि आबा दुसरीकडे बघत बिडी पेटवत होते.